घोडीच्या पसंतीची राइड

ड्रमसेटची तिसरी राइड मी स्टँडवर चढवत होते, तेवढ्यात घोडीने पुढचा एक पाय आमच्या दुकानाच्या पायरीवर ठेवला.

"ताई, तिला आत यायचंय," लगाम धरून उभे असलेले रशीदभाई म्हणाले.

"आत काचेचं काउंटर आहे."

"त्याला ती काय नाय करणार. समजदार है वो."

पंचवटीतली आमची गल्ली आधीच अरुंद. घोडीच्या मागे दोन रिक्षा, मेथीची हातगाडी आणि स्कूटरवर ताटकळलेले एक गुरुजी अडकले होते. गुरुजींना कुठेतरी अभिषेकाला पोचायचं होतं. सगळे मिळून हॉर्न वाजवत होते आणि त्या गोंगाटात मला एका सिंबलचा आवाज पारखायचा होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वाद्यांच्या दुकानात सेल्स बघायचे. मालक केशवशेठ पेटी दुरुस्त करण्यात मुरलेले, पण ड्रमसेटला ते 'डबे' म्हणायचे. त्यामुळे डब्यांचं खातं माझ्याकडे.

त्या सकाळी वणीचे बबनराव आले होते. त्यांचा लग्नात वाजणारा बँड होता. टेम्पोत ड्रमसेट मांडून ते स्वतः वाजवायचे. त्यांच्या राइडला तडा गेला होता.

सिंबल म्हणजे झांजेसारखी धातूची थाळी. राइड म्हणजे ड्रमसेटवरचं सगळ्यात मोठं सिंबल, वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं ते. क्रॅश नावाचं दुसरं सिंबल असतं, ते गाण्यात मध्येच धडामकन वाजतं आणि गप्प बसतं. राइडला गप्प बसणं माहीत नसतं. टिंग-टिंग-टिंग करत ती सगळं गाणं ओढून नेते. म्हणून तिचा आवाज स्वच्छ लागतो. बबनरावांची जुनी राइड मी काठीने वाजवून बघितली. टिंगच्या जागी 'च्यँर्र' असं काहीतरी झालं. पत्र्यावरून खिळा ओढावा तसं.

"ही केव्हाच बदलायला हवी होती," मी म्हणाले आणि वीस इंची, काशाची एक राइड काढली. देवळातली घंटा ज्या जातीच्या धातूची, त्याच जातीची. आवाज निघाला तो लांबपर्यंत तरंगत गेला. काउंटरमागचे शेठसुद्धा वर बघायला लागले.

बबनरावांनी मान डोलावली. "आवाज एक नंबर हाय. पण मला आवडून काय उपयोग? चंपाला आवडलं पायजे."

मला वाटलं, चंपा म्हणजे बायको. बँडवाले मोठी खरेदी घरच्यांना विचारूनच करायचे.

"मग दुपारी त्यांना घेऊन या ना."

"आणतो. पण तुमच्या गल्लीत मावंल का ती?"

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

चंपा पांढरीशुभ्र होती, कपाळावर आरसे लावलेली. ती रशीदभाईंची. बबनरावांनी राइडवर ठेका धरला की ती जागच्या जागी पाय उचलून नाचायची आणि गोल फिरायची. चांदवडच्या आण्णासाहेबांनी, म्हणजे कांद्याच्या एका व्यापाऱ्याने, हे कुठल्याशा लग्नात बघितलं आणि मुलाच्या लग्नाला बँड आणि घोडी दोन्ही ठरवून टाकलं. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. घोडी नाचणार हे आण्णासाहेबांनी निम्म्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं.

"काल दुसऱ्याचं चांगलं ताट लावून बघितलं," बबनराव म्हणाले. सिंबलला ते ताटच म्हणायचे. "चंपा ढिम्म. अन् हे जुनं उद्या मिरवणुकीत दोन तुकडे होऊन पडलं म्हंजे? आमचं तोंड काळं. पुढल्या सीझनला कुत्रं विचारणार नाय."

म्हणून ही परीक्षा चालली होती. काशाच्या राइडला चंपाने एक कान हलवला. दुसरी पातळ होती, मऊ आवाजाची. तेवढ्या वेळात तिने मेथीची एक जुडी संपवली. तिसरीला पायरीवरचा पाय खाली घेतला, तो बहुतेक कंटाळून. मग बबनरावांनी जुनी फुटकी लावली. च्यँर्र-च्यँर्र-च्यँर्र.

चंपाने पाय उचलले. काय नाचली! आरसे चमकले, घुंगरू वाजले, हॉर्न बंद पडले. गुरुजींनी स्कूटर स्टँडवर लावली आणि टाळ्या वाजवल्या.

नाच संपल्यावर रशीदभाई कोपऱ्यावर चहा प्यायला गेले. लगाम शेठच्या हातात. शेठ घोडीपासून शक्य तितके लांब उभे होते. तसाच आवाज शोधायचा तर जुन्या राइडचा आवाज डोक्यात बसवायला हवा, म्हणून मी ती पुन्हा वाजवली. चंपा हलली नाही. अजून जोरात वाजवली. काही नाही.

"तिला तुमचा हात माहीत नाय," बबनराव म्हणाले आणि त्यांनी स्वतः वाजवली. चंपा शेठकडे बघत उभी. शेठ दुसरीकडे बघत उभे.

रशीदभाई चहाचा ग्लास घेऊनच परत आले. दुसऱ्या हातात लगाम घेतला. बबनरावांनी काठी मारली. च्यँर्र! रशीदभाईंचे डोळे मिटले, मान खांद्यात गेली, चहा सांडला, लगामाला एक बारीकसा झटका बसला. आणि चंपा नाचायला लागली.

मी बबनरावांकडे बघितलं. त्यांनीही पाहिलं होतं. मला बाजूला घेऊन ते पेट्यांच्या मागे गेले.

"ताई, इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातात जादू हाय."

"पण मग सोपं आहे की. रशीदभाईंना सांगू, ठेक्यावर लगाम ओढा."

"बघा सांगून."

मी बाहेर जाऊन कारण न सांगता विनंती केली. रशीदभाईंनी लगाम ओढला. चंपा दोन पावलं मागे सरकून हातगाडीला टेकली. मेथीवाली ओरडली.

"ओढलं तर ती थांबते, ताई," रशीदभाई मला समजावत म्हणाले. "नाचती ती तिच्या मनाने. खुदा की देन है."

मी परत पेट्यांच्या मागे आले. बबनरावांनी आवाज खाली आणला. "त्याला हे सांगूच नका. कळलं की तो तयारीत राहील. तयारीत राहिला की दचकणार नाय. न् दचकला नाय की मी मेलो."

तेव्हा माझं काम बदललं. राइड निवडताना आम्ही काय बघतो? आवाज किती स्वच्छ, किती वेळ टिकतो, मधला उंचवटा वाजवला तर कसा बोलतो. आता मला फक्त एवढंच बघायचं होतं की एका भल्या माणसाची मान खांद्यात जाते की नाही. मी माळ्यावर चढले. तिथे पितळेची एक राइड पडून होती. नेणारं प्रत्येक गिऱ्हाईक ती परत आणून द्यायचं, म्हणून आम्ही दाखवणंच सोडलं होतं. ती पुसून स्टँडला लावली. घोडीकडे बघतेय असं दाखवत रशीदभाईंवर नजर ठेवली आणि काठी मारली.

"या अल्ला!" रशीदभाई म्हणाले.

चंपा दुप्पट नाचली.

"हेच ताट!" बबनराव ओरडले.

रशीदभाईंनी तिच्या मानेवर थोपटलं. "मी म्हणलो ना, माझ्या चंपाला कान आहे."

माळ्यावरचा माल खपला म्हणून शेठना इतका आनंद झाला की ते म्हणाले, "बबनराव, गॅरंटी! उद्या आमच्या ताई स्वतः येतील चांदवडला." मला विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मारुतीच्या देवळापासून मिरवणूक निघाली. नवरदेव बाशिंग सांभाळत चंपावर बसला होता. पुढे आख्खं गाव होतं. बबनरावांनी माझ्याकडे बघून काठी उचलली आणि ठेका धरला.

चंपा निवांत चालत राहिली.

त्यांनी आणखी जोरात वाजवलं. समोरची माणसं कानांवर हात ठेवायला लागली. चंपाने शेपटी हलवली.

आण्णासाहेब घाम पुसत आले. "बबनराव, घोडी आजारी हाय का? माझे व्याही बघून राहिले ना!"

बबनरावांचा चेहरा पांढरा पडला. मी धावत पुढे गेले आणि मला कारण दिसलं. रशीदभाईंनी दोन्ही कानांत कापूस घातला होता. आम्ही निवडलेला आवाज जरा जास्तच वाईट निघाला होता.

कापूस काढा, असं सांगायची सोय नव्हती. मी त्यांच्यासमोर गेले आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले.

"क्या?" त्यांनी एका कानातला कापूस काढला.

मी बबनरावांना हात केला. च्यँर्र! मान खांद्यात. चंपाने पाय उचलले. नवरदेवाने खोगीर धरलं, गावाने शिट्ट्या मारल्या. रशीदभाई कापूस परत कानाकडे न्यायला लागले.

"चंपाचं वय काय, रशीदभाई?" मी ओरडले.

घोड्याच्या माणसाला घोड्याबद्दल विचारलं तर तो उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. वय सांगितलं. मग मी खुराक विचारला. मग तिच्या आईचं नाव, तिचा स्वभाव, तिला नाल कोण ठोकतं. नालबंदीबद्दल तर मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. देवळापासून मांडवापर्यंत मी उलटी चालत, किंचाळत प्रश्न विचारत गेले. रशीदभाई उत्तर द्यायचे, मध्येच दचकायचे, पुन्हा उत्तर द्यायचे. वरच्या गच्चीवरून एक बाई म्हणाल्याचं ऐकू आलं, "ती पुढं वरडती ना, ती घोडीवालीण."

मांडवात आण्णासाहेबांनी चंपाच्या गळ्यात हार घातला, बबनरावांना शाल दिली आणि रशीदभाईंना फेटा बांधला. मला सरबत मिळालं. घसा बसल्यामुळे मला तेच हवं होतं.

निघताना रशीदभाई माझ्याजवळ आले. फेटा त्यांना शोभत होता.

"ताई, बुरा नका मानू. ताट चांगलं दिलं तुम्ही. पण तुम्ही बोलता फार."

ती राइड काही परत आली नाही. पुढच्या लग्नांना बबनराव त्यांच्या मेव्हण्याला बरोबर नेऊ लागले, असं कळलं. त्याला काही वाजवता येत नव्हतं, पण रशीदभाईंशी तो बोलायचं थांबत नसे.

मी नंतरही पुष्कळ राइड विकल्या. वजन बघा, आवाज किती तरंगतो बघा, मधला उंचवटा वाजवून बघा, हे प्रत्येकाला सांगितलं. फक्त त्याच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लागली. ऐकणारे कोण कोण आहेत? बहुतेक गिऱ्हाइकं या प्रश्नाला हसतात. मी हसत नाही.