घोड्याच्या पायाशी

बासितभाय परकार मूळचा रत्नागिरीचा. आखातात, झिंजमध्ये आम्ही दोघं दुकानांच्या पाट्या रंगवायचो. त्र्याण्णव साली आमच्या कंपनीच्या इंग्रज मॅनेजरने त्याच्याकडून एका जुन्या फ्रेंच चित्राची भिंतभर कॅनव्हासवर नक्कल करून घेतली. जिंकलेल्या शहरात घोड्यांवरून शिरणारे क्रुसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, त्यांच्या झेंड्यांवर क्रूस, आणि घोड्याच्या पायाशी हात पसरून गयावया करणारा एक म्हातारा. त्या म्हाताऱ्याला बासितभायने स्वतःचा चेहरा दिला. म्हणाला, "लीव्ह मागायला गेलो की माझं तोंड असंच होतं."

साहेब मायदेशी गेला आणि चित्र एका इथल्याच व्यापाऱ्याने घेतलं. त्याने आम्हाला बोलावलं. "क्रूस खलास करा, चंद्रकोर काढा. आता फौज आपली."

संध्याकाळपर्यंत झेंडे बदलले. मग बासितभायने म्हाताऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "फौज आपली, तर याला उठवू?"

"कशाला? पायाशी कुणीतरी हवंच."

मी शिडी धरून होतो. तोच चेहरा घेऊन बासितभाय व्यापाऱ्यापुढे उभा होता, आणि त्या भल्या माणसाला तो ओळखू आला नाही. साहेबालाही कधी आला नव्हता.