माझ्या जागी विलायती गाणं

सुरतेला उधन्यात आमच्या खोल्यांसमोरच एका गुजराती माणसाची व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेट देण्याआधी तो ती कानाशी धरून हलवायचा आणि प्रत्येक वाक्य 'बराबर ने, भाऊ?' विचारूनच संपवायचा. विलायती पॉपचा त्याला भारी नाद. शब्द कळायचे नाहीत, मान मात्र डोलायची.

लूम कामगारांवर माहितीपट काढणाऱ्यांसमोर मी एकदा मागात तुटलेलं बोट दाखवून आमच्या कारखान्याच्या शेठबद्दल बोललो होतो. ती कॅसेट लायब्ररीत आली तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं.

"शेठचा मेहुणाही तुझ्या लायब्ररीचा मेंबर आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर बोलावलं तुला," म्हणत त्याने शटर अर्धं ओढलं आणि कॅसेट लावली. कारखाना दिसला, माग दिसले. माझी पाळी आली आणि एकदम चार गोरे गिटार घेऊन गायला लागले. ते थांबले तेव्हा दुसराच कामगार बोलत होता. माझ्या बोलण्यावर त्याने गाणं टेप केलं होतं.

"आता तुला कोणी ओळखणार नाही. बराबर ने, भाऊ?"

मी बोट खिशात घालून मान हलवली. आयुष्यात एकदाच शेठविरुद्ध तोंड उघडलं होतं, तेही गाण्याखाली गेलं.