रंगवलेला डॅशबोर्ड

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावोजींना, यंत्राबद्दल एकच गोष्ट कळायची. ते चकाकलं पाहिजे. ते चालतं कशावर आणि थांबतं कशामुळे, असले प्रश्न त्यांना हमालांचे वाटत.

देशाची दारं उघडली म्हणून सगळीकडे बोलबाला होता ते दिवस. तमिळ मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी लोकांच्या, राजवाड्यामागच्या गल्लीत केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपण उद्योगपती व्हायचे तेवढे राहिलो. भावोजींना ते सगळ्यांहून जास्त वाटलं. सरकारी गोदामातली कारकुनी सोडून ते लॉऱ्यांच्या बाजारासाठी नावाजलेल्या नामक्कलला गेले आणि एक जुनी लॉरी घेऊन आले. कावेरीकाठच्या खेड्यांतून भात उचलायचं आणि गिरण्यांवर पोचवायचं, असा बेत होता. बेतात काही खोट नव्हती. खोट होती ती बेत करणाऱ्यात.

पूजेआधी त्यांनी लॉरी रंगवून घेतली. बाहेरून तर घेतलीच, पण डॅशबोर्डचा पत्राही काट्यांची घड्याळं आणि दिवे उतरवून मागून-पुढून पोपटी रंगवला. सगळं परत बसवल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघ, विमानासारखा दिसतो की नाही?"

मी मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये विजेची मापनयंत्रं शिकवत होते. विमान मी जवळून पाहिलं नव्हतं, पण पोपटी विमान कुणी उडवत असेल असं वाटलं नाही. अक्का शेजारी उभी होती म्हणून 'छान आहे' म्हटलं.

चाकांखाली लिंबं चिरडून लॉरी निघाली आणि त्याच दिवसापासून डॅशबोर्ड बरळू लागला. टाकी निम्मी असली तरी डिझेलचा काटा 'फुल'वर. इंजिन थंड असलं तरी तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. डावीकडे वळायचा दिवा लावला की बाकीचे सगळे दिवे त्याच्यासोबत मिणमिणत. ऑइलच्या दाबाचा तांबडा दिवा तर मनाला येईल तेव्हा लागे. ड्रायव्हर त्या काचांवर बोटाने टकटक करी आणि काही फरक पडला नाही की वर मोगऱ्याची माळ अडकवून त्या झाकून टाकी. गाडी हाकण्यापलीकडे आपलं काही काम आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

भावोजींनी त्रिचीहून एक 'स्पेशालिस्ट' आणला. तो काळा चष्मा लावून लॉरीत शिरला आणि चष्मा न काढताच डॅशबोर्ड तपासून उतरला. "सगळे मीटर गेलेत, मुदलाळी. पूर्ण सेट बदला."

मुदलाळी, म्हणजे मालक, हा शब्द ऐकला की भावोजींची मान ताठ व्हायची आणि डोकं बंद पडायचं. सेट बदलला. नवे काटे जुन्यांइतकंच खोटं बोलू लागले, फक्त जास्त झळझळीतपणे.

मी एकदा म्हटलं, "भावोजी, दोन वेगळी मीटरं एकाच वेळी, एकाच दिशेने चुकतायत. मीटर बिघडलेलं नाही. दोघांना मिळून जे लागतं त्यात काहीतरी बिघडलंय."

"हा तुझ्या घरचा मिक्सर नव्हे," ते म्हणाले आणि माझ्या शिक्षणाबद्दल कीव यावी तसे हसले.

मग एका दुपारी तिरुवैयारुच्या पुलाजवळ भाताची पोती भरलेली लॉरी बंद पडली. डिझेल संपलं होतं. काटा अजून अर्ध्या टाकीच्या वर होता. मागे बसेस अडकल्या, मोपेडवाल्यांनी भावोजींच्या कुळाचा उद्धार केला, आणि ते डबा हातात घेऊन उन्हात पंपापर्यंत चालत गेले. संध्याकाळी अक्का माझ्याकडे आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "तू उद्या ये. त्यांना मी सांगते."

काय सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मल्टिमीटर घेऊन गेले तेव्हा भावोजी अंगणात वर्तमानपत्रामागे बसले होते आणि त्यांनी ते खाली घेतलं नाही.

काम फार अवघड नव्हतं, म्हणूनच त्या स्पेशालिस्टचा संताप आला. डिझेलच्या आणि तापमानाच्या काट्यांना ठरावीक दाबाची वीज पुरवणारी एक लहानशी डबी डॅशबोर्डच्या मागे असते. तिला पत्र्यातून अर्थिंग, म्हणजे वीज परत जायची वाट, मिळालं नाही, तर ती बॅटरीची सगळी वीज तशीच पुढे ढकलते आणि दोन्ही काटे वर चढतात. दिव्यांचं अर्थिंगही त्याच पत्र्यातून होतं. मी मल्टिमीटरची एक तार डबीच्या अंगाला लावली, दुसरी गाडीच्या सांगाड्याला, चेसिसला. दोघांत जोडणीच नव्हती. डबीचा स्क्रू काढला. खाली पोपटी रंगाचा जाड, सुरेख थर.

रंगातून वीज जात नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवत असे.

अक्काच्या स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि पत्रा जिथे जिथे गाडीच्या अंगाला टेकत होता तिथे खरवडला. लखलखीत लोखंड दिसेपर्यंत. खरवडण्याचा आवाज ऐकून भावोजी धावत आले.

"अगं, रंग! नवा रंग आहे तो!"

"तोच काढतेय," मी म्हटलं.

स्क्रू आवळले, किल्ली फिरवली. डिझेलचा काटा पाव टाकीवर येऊन थांबला, तापमानाचा खाली उतरला. दिवे स्वच्छ लागले आणि डावा दिवा एकटाच डोळे मिचकावू लागला. अक्का खिडकीतून बघत होती. भावोजींनी कुठे कुठे ओरखडे आलेत ते मोजलं.

ऑइलचा दिवा मात्र राहिला. थंड इंजिनावर विझायचा, इंजिन तापलं आणि गाडी नुसती उभी राहिली की पुन्हा लागायचा. मी इंजिनावरच्या त्याच्या स्विचची तार काढली. दिवा गेला. म्हणजे तार ठीक होती. मग स्विचच्या जागी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधून आणलेलं साधं दाबमापक बसवलं आणि इंजिन चालू ठेवलं. तापलं तसा त्याचा काटा खाली खाली जात पार निजला.

"भावोजी, हा दिवा खरं बोलतोय. आत ऑइलचा दाब राहत नाही. बेअरिंगं झिजली असणार. इंजिन उघडावं लागेल. तोवर ही लॉरी भरू नका."

"भाताचा हंगाम तोंडावर आलाय आणि मी इंजिन उघडून बसू?" ते म्हणाले. "तू दिवे दुरुस्त करायला आलीस ना? मग दिवा विझव."

"दिवा बिघडलेला नाही."

"लागतोय म्हणजे बिघडलेलाच की!"

मी सामान आवरलं. आयुष्यात पुष्कळ मूर्ख भेटले, पण आपला मूर्खपणा इतक्या थोडक्यात मांडणारा दुसरा भेटला नाही.

त्रिचीचा चष्मेवाला पुन्हा आला. त्याने ऑइलच्या दिव्याची तार बॅटरी-चार्जिंगच्या दिव्याला नेऊन जोडली. किल्ली फिरवली की दोन्ही लागत, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझत. भावोजींनी ते सगळ्या गल्लीला दाखवलं. मला तर दोनदा दाखवलं.

पोंगल झाल्यावर कापणीच्या ऐन गर्दीत एका कालव्याच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. ड्रायव्हर सांगत होता, आधी बराच वेळ ठोकल्यासारखा आवाज येत होता, पण डॅशबोर्डवर सगळं ठीक दिसत होतं म्हणून तो चालवत राहिला. मी अक्काबरोबर तिथे गेले तेव्हा भावोजी नारळाच्या सावलीत बसून गिरणीच्या माणसांना सांगत होते, "बाईमाणसाने सुरी घालून सगळं वायरिंग खरवडलं, तेव्हापासून गाडीला काही ना काही होतंच आहे." मला पाहिल्यावरही त्यांनी वाक्य पुरं केलं. तेवढं धैर्य मात्र होतं त्यांच्यात.

अक्का त्यांना ओलांडून सरळ पुढे गेली. तिने गावातल्या एकाला गाठलं, दुसरी लॉरी भाड्याने ठरवली आणि उन्हात उभी राहून सगळी पोती तिच्यात चढवून घेतली. गिरणीवरही तीच गेली. घरी आमची जुनाट मराठी बोलणारी माझी अक्का, त्या दिवशी तिची खणखणीत तमिळ मी प्रथम ऐकली. पुढे प्रत्येक हंगामात भाताचा व्यवहार तीच बघू लागली, भाड्याच्या गाड्या घेऊन.

आमची लॉरी ओढून आणून कालव्याशेजारच्या पडीक जागेत ठेवली होती. भावोजी रोज नवी योजना सांगत. इंजिन जपानी बसवू, हायड्रॉलिक बसवू. मग ते कुंभकोणमला एका लग्नाला गेले. तेवढ्यात अक्काने भंगारवाल्याला बोलावलं. मी तिच्यासोबत उभी होते. साखळदंड लागले, लॉरी हलली, आणि तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली.

"त्यांना काय सांगशील?" मी विचारलं.

"काही नाही. तेच सांगतील सगळ्यांना," ती म्हणाली.

भावोजी परतले, रिकामी जागा बघून आले आणि जेवून झोपले. चार दिवसांनी आमच्या ओसरीवर, माझ्या वडिलांसमोर, पानाला चुना लावता लावता त्यांचं चाललं होतं, "ट्रान्सपोर्टमधून मी अगदी योग्य वेळी बाहेर पडलो. पुढचा काळ कॉम्प्युटरचा आहे."

वडिलांनी मान हलवली. अक्का आत भाताच्या गाडीवाल्याला फोन करत होती.