दित्तोंगो आणि गौरीचं गाणं

लेकीने मराठीत तोंड उघडावं म्हणून मी काय काय नाही केलं! मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत, वर इथल्या सिंगापुरी बोलीतल्या 'लाह'चं शेपूट. शेवटी गाण्याने जमलं. शाळेच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, ती रमली होती. तिथल्या इटालियन बाई एक शब्द सारखा बजावायच्या: दित्तोंगो. दोन स्वर एकात मिसळले की पहिला ताणून धरायचा, दुसऱ्याला शेवटी नुसता हात लावायचा. आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आंघोळ करतानाही तिचं तेच चालायचं. मी म्हटलं, "गौरीचं गाणं म्हणशील?" आणि चक्क हो म्हणाली. एकेका शब्दाचा अर्थ विचारून पाठ केलं, तेही मराठीत विचारून!

गणपतीत आम्ही इथली काही मराठी घरं एका कॉन्डोच्या हॉलमध्ये जमतो. मुलांची गाणी एक काकू बसवतात. तालमीत लेकीने 'गौरी' म्हणताना 'ग' असा लांबवला आणि 'उ' असा अलगद टेकवला, की मला भरूनच आलं. काकूंनी टाळी वाजवून थांबवलं.

"हे काय चर्चमधलं? बाळ, तू मागे उभी राहा, नुसतं तोंड हलव. फोटोत छान दिसशील."

सगळ्यांसमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काकू, तुमची नातवंडं पाणीसुद्धा इंग्रजीत मागतात, आणि माझ्या पोरीचं मराठी तुम्हाला खुपतं?"

"अगं, सणासुदीला वाद कशाला," म्हणत बाकीच्या बायका ताटं मांडायला पळाल्या. एकीने 'ब्र' काढला असेल तर शपथ! नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." का जाऊ दे? कधी नव्हे ते पोर आपण होऊन गात होती. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! मी तणतणत होते तोवर लेक निमूट मागच्या रांगेत गेली होती. कार्यक्रमातही तिथेच उभी राहिली. फोटो खरंच छान आले. मी एकही ठेवला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी घरी आरती. मी टाळ्या वाजवत म्हणत होते, ती शेजारी उभी. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"अगं, म्हण की!" मी ओरडलेच.

"इट्स ओके लाह, मम्मी," ती शांतपणे म्हणाली. "मराठी सॉंग, आय जस्ट मूव्ह माय माउथ."