घराघराने नंबर

२०२० साल. माझं वय एकोणसाठ. शिक्षण चौथी, तीही अर्धी. पण म्हापशाकडच्या एका लॅबात मी बत्तीस वर्षं काढली. ट्यूब धुवायच्या, नमुन्यांवर नंबर चिकटवायचे, हे काम माझं. नंबरात माझी एक चूक कोणी दाखवावी.

कोविडच्या टेस्टचं केमिकल तेव्हा मिळत नव्हतं. म्हणून पाच जणांचे नमुने एकत्र करून एकच टेस्ट लावायचे. आजार दिसला नाही तर पाचही मोकळे. दिसला तर त्या पाचांची पुन्हा एकेकट्याची टेस्ट.

पेडण्यातल्या ऐंशी माणसांच्या एका वाड्यावरचे चाळीस नमुने झाले. आठ टेस्ट लावल्या, त्यांतल्या पाचांत आजार. पंचवीस जण पुन्हा तपासले, तर आजारी निघाले पाचच, तेही दोनच घरांतले. आमच्याकडे देवळात असो की रेशनवर, बायकांची रांग वेगळी, दादल्यांची वेगळी. नमुने द्यायलाही लोक तसेच उभे राहिलेले, आणि नंबर त्याच रांगांच्या क्रमाने पडलेले. नवरा एका ट्यूबमध्ये, बायको दुसऱ्या, सासू तिसऱ्या. दोन घरांनी पाच ट्यूब नासवल्या.

उरलं तीस टेस्टपुरतं केमिकल. नवी पेटी आठ दिवसांनी. उद्या वाड्यावरची बाकीची चाळीस माणसं. परत असंच झालं तर तेहतीस लागणार, आणि रिपोर्टाशिवाय कोणाला घराबाहेर सोडत नव्हते.

"बाय, घराप्रमाणे एकत्र करूया, म्हणजे आजारी घर एकच ट्यूब नासवेल," मी टेक्निशियन मुलीला म्हटलं.

"नंबराच्या क्रमाने पाच-पाच, काका. सरकारच्या कागदात तसंच आहे."

"कागदाने वाडा बघितलाय?"

"तुम्ही ट्यूब धुवा हो. चौथी शिकून मला शिकवू नका."

बत्तीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. बोललं असेल तर मी ऐकून घेतलं नव्हतं.

"नंबराच्या क्रमाने ना? बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी नमुने घ्यायला यायच्या आधी मी वाड्यावरच्या शाळेत पोचलो. दोन्ही रांगा मोडल्या. एकेका घराची माणसं एकेका बाजूला केली, लहान घराला शेजारचं घर जोडलं.

पुरुषांसोबत बसवल्यावर एक म्हातारी भडकली. "दादल्यांवांगडा बसवतस? लाज नाय तुका?"

"तुझोच झील तो, वयनी. परको खंयचो?"

ती पुटपुटत मुलाशेजारी बसली. मी खिशातून नंबरांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि तिच्याच घरापासून क्रमाने वाटायला लागलो.