पहिलीचा टाक

मथुराला सवत होती, आणि ती बाईमाणूस नव्हती. मथुराचा नवरा गंगाराम हवाई दलात फिटर. लढाऊ विमान चालवायला शिकणारी पोरं ज्या जेटवर हात बसवतात, त्या जेटची देखभाल लग्नाआधीपासून त्याच्याकडे. विमानाला तो 'ती' म्हणायचा. रजेवर रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी आला की ओटीवर बसून तिचंच कौतुक. थंडीत ती कशी कुरकुरते, नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं कसं कळतं. मथुरा तापाने फणफणली होती तेव्हा ह्या गृहस्थाने पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'सुंठ घे.' मथुरा आत भांडी आपटायची.

चौऱ्याऐंशी साली तो पडलेल्या तोंडाने आला. ती म्हातारी झाली, सुटे भाग मिळत नाहीत, तिच्या जागी नवं जेट येतंय. मथुराने गुपचूप ग्रामदेवतेला नारळ दिला. सवतीची पीडा गेली एकदाची!

"नव्याचा कोर्स कर सांगतायत," गंगाराम म्हणाला. "मी नाय करायचा. तिच्या जाग्यावर दुसरीला हात नाय लावायचा."

मथुराच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोसाठी ह्याने कधी रजा वाढवली नव्हती, आणि तिच्यासाठी नोकरीवर लाथ!

पेन्शन घेऊन तो कायमचा घरी आला. मोडीत काढताना कापलेला तिचा अंगठ्याएवढा पत्रा सदऱ्याच्या खिशात. बोलणं बंद. ताटात बांगडा वाढला काय नि दगड वाढला काय, सारखंच. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं, मेलेलीचं काय करायचं?

एक दिवस धुण्यात तो पत्रा हाती लागला. विहिरीत फेकायचाच म्हणून मथुरा निघाली. विहिरीवर शेजारची चिमा पाणी काढत होती. चिमा दुसरेपणाची, नवऱ्याच्या मेलेल्या पहिलीचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात.

"बोचत नाय गो तुला?" मथुराने विचारलं.

"बोचतो. पन पयलीला मान दिला नाय, तर ती दुसरीला सुख लागू देत नाय."

मथुराची मूठ उघडेना. गंगारामच्या आयुष्यात आधी कोण आलं होतं? म्हणजे दुसरी आपणच! ती तिथेच रडली, संतापाने.

"चांदीचं काहीतरी करा बाई, ह्या पत्र्याला काय किंमत?" रत्नागिरीचा सोनार म्हणाला.

"हीच पायजे," मथुरा म्हणाली. त्याने भोक पाडून दिलं.

संध्याकाळी भात वाढताना काळ्या दोऱ्यातला पत्रा मंगळसूत्राशेजारी पुढे लोंबला. गंगारामचा घास हातातच राहिला. 

"घामातल्या मिठानं हिला पांढरा गंज धरंल," तो शेवटी म्हणाला. "रोज पुसायला होवी."

हात धुऊन तो जवळ आला आणि पंच्याच्या टोकाने त्याने पत्रा हळूच पुसला. दुसऱ्या दिवशीही पुसला. मग रोजच. सवतीसाठी का होईना, त्याची बोटं मथुराच्या गळ्याशी यायला लागली. मथुरा मनात चरफडायची, आणि मान जरा पुढे करायची.