सिझलर वाजला पाहिजे

सिझलर या शब्दाचा खरा अर्थ निगडीपासून थेट चाकणपर्यंत फक्त एका माणसाला कळलेला आहे, आणि तो माणूस नशिबाने माझा साडू लागतो. बाकीचे आपण सगळे मेन्यूकार्डावर बोट ठेवून सिझलर मागवतो, धूर निघाला की मोबाइल काढतो आणि कोबीची पानं बाजूला सारून फ्रेंच फ्राइज वेचतो. साडूला हे बघवत नाही. तो मोशीचा, जुन्या शेतकरी घरातला. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे, जिथे दिवसभर पत्र्यावर दणके पडून गाड्यांचे दरवाजे तयार होतात. शाळेत इंग्रजीशी त्याचं कधी जमलं नाही. पण पगारवाढीच्या आनंदात मित्रांनी त्याला आकुर्डीच्या एका हॉटेलात नेलं, तिथल्या वेटरने सांगितलं की हा जो चर्र आवाज येतोय ना, त्यावरूनच या पदार्थाचं नाव पडलंय, आणि त्या क्षणापासून साडू इंग्रजांना मानायला लागला. "पदार्थाला आवाजाचं नाव दिलं राव," तो अजूनही भारावून सांगतो.

अर्थ एकदा कळल्यावर त्याने तो कधी सैल पडू दिला नाही. आवाज नसेल तर तो सिझलर नाही, संपला विषय. धुराला भुलायचं नाही, धूर काय ओली लाकडंही काढतात. दर वाढदिवसाला तो आम्हाला त्याच हॉटेलात नेतो, किचनकडे तोंड करून बसतो, दार उघडायच्या आधीच बोट वर करून "आला" म्हणतो आणि आवाज विरेपर्यंत टेबलावर कुणाला बोलू देत नाही. प्लेट मुकी निघाली तर परत. "ह्यो सिझलर न्हाई, ह्यो गरम भात हाय," असं तो इतक्या प्रेमाने सांगतो की वेटरलाही राग येत नाही. तिथले हेडवेटर तर त्याला जिन्यात पाहिलं की आत ओरडून प्लेटा जास्त तापवायला सांगतात. काळेवाडीतल्या एका लग्नात केटररने 'सिझलर काउंटर' अशी पाटी लावून कागदी प्लेटांत नूडल्स वाढल्या. साडू नवरीचा मामा. हातात अक्षता, डोक्याला फेटा, अशा थाटात त्याने केटररला गाठलं आणि पाटी उलटी करून घेतली. मग शांतपणे त्याच नूडल्स दोनदा घेतल्या आणि झकास झाल्यात म्हणून पावतीही दिली.

या सगळ्या उत्साहात ताईंचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. साडूला ऐकू कमी येतं, असा त्यांना दाट संशय होता. टीव्ही लावला की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या कळायच्या. कंपनीने दिलेले कानातले बोळे तो दोरीने गळ्यात घालून हिंडायचा, कारण ते कानात घातले तर मशीन काय म्हणतंय ते कळत नाही म्हणे. प्रत्येक वाक्य दोनदा बोलून ताई दमल्या होत्या. हळूहळू त्यांनी लहानसहान गोष्टी त्याला सांगणंच सोडून दिलं, आणि हे त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. कान तपासून घ्या म्हटलं की साडूचं उत्तर ठरलेलं. ज्याला दाराआडचा सिझलर ऐकू येतो त्याच्या कानाला काय झालंय? यावर आम्हीही माना डोलवायचो. किचनच्या त्या दाराला वरच्या बाजूला गोल काच आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

ताईंच्या गेल्या वाढदिवसाला हॉटेल खचाखच भरलं होतं. नेहमीचं टेबल मिळालं नाही आणि साडूला किचनकडे पाठ करून बसावं लागलं. तो रंगात येऊन नव्या प्रेसचं कौतुक सांगत होता. मागून सिझलर आला तो असा किंचाळत की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या आणि ताईंनी साडीवर नॅपकिन धरला. साडू बोलतच होता. प्लेट समोर ठेवली तेव्हा तो थांबला, खाली वाकला, मान तिरकी केली आणि हेडवेटरना म्हणाला, "धूर लई हाय, पर वाजत न्हाई. घेऊन जावा."

हेडवेटरनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि कानाशी जाऊन म्हणाल्या, "अहो, वाजतोय. सगळं हॉटेल बघतंय." साडूने आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग काटा उचलून खायला लागला.

कानाच्या डॉक्टरकडे मात्र तो आपणहून गेला. कानाचं मशीन मिळालं त्याच दिवशी त्याचा फोन. "पाव्हणं, निघा. आज परीक्षा हाय." हॉटेलात त्याने मुद्दाम किचनकडे पाठ केली. आम्ही सगळे दारावर डोळे लावून बसलेलो. बोलता बोलता साडू मध्येच थांबला, बोट वर केलं आणि म्हणाला, "आला." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

प्लेट समोर आली. साडू तिच्यावर वाकला आणि बराच वेळ ऐकत राहिला. चेहऱ्यावरचा उजेड जरा कमी झाला. "वाजतोय व्हय," तो म्हणाला, "पर ह्यो त्यो न्हाई. पत्र्यावर खडी वतल्यावानी वाजतोय." हेडवेटरनी सवयीने प्लेट उचलायला हात घातला. साडूने एका हाताने कानातलं मशीन चाचपलं आणि दुसऱ्याने त्यांचा हात अलगद धरला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "त्याची चूक न्हाई."

नियम मोडून त्याने तो सिझलर खाल्ला. जेवता जेवता ताई कुणालाच उद्देशून नाही अशा पुटपुटल्या की कोबी आज करपलीय. साडूने मान वरसुद्धा केली नाही. हात पुढे करून त्याने त्यांच्या प्लेटमधलं करपलेलं पान आपल्याकडे ओढून घेतलं.